लांब पल्ल्याचं ऑइल

अहो, परवा तुमचा तेरावा झाला. पाहुणे गेले, मांडवाच्या खुर्च्या गेल्या, डब्यात लाडू उरले आहेत आणि ते खायला घरात मी आणि आपली केतकी दोघीच आहोत. रडायचं राहिलंय असं वाटतं, पण रडायलाही अंगात जोर लागतो हो. सकाळी चहा केला, सवयीने दोन कप जास्त पाणी टाकलं, मग ते सगळं ओतून देण्याचाही कंटाळा आला म्हणून मीच पीत बसले.

या तेरा दिवसांत जो आला तो एकच वाक्य बोलून गेला. "गाडीला एवढं जपायचे सुधाकरराव, पण स्वतःच्या तब्येतीकडे बघितलं नाही." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मान हलवली. पाचव्या माणसाने म्हटलं तेव्हा वाटलं, चहाचा कप काढून घ्यावा. तुम्ही दरवर्षी तपासण्या करून घेत होतात. पथ्यं पाळत होतात. रात्री सायीचं दही मागायचात तेवढीच काय ती चैन. पोटात गाठ यायची ती आली, तिने कुणाला विचारलं नाही. पण लोकांना गोष्ट नीट बसवायला आवडते. माणूस गेला की त्याच्या मोटारसायकलीवरून सुविचार काढायचा. श्रीकांतनेही तेच म्हटलं, माझा सख्खा भाऊ. त्याला मी सांगितलं, "गाडीला जपत नव्हते ते. ऑइलला जपत होते. तुला फरक कळायचा नाही." तो गप्प बसला. नारायण पेठेतला माणूस गप्प बसला म्हणजे त्याला लागलं असणार, पण मला समजूत काढायची ताकद नव्हती.

हे तुम्ही ऐकलं असतंत तर खूश झाला असतात. इतकी वर्षं तुमच्या ऑइलच्या नावाने मी बोटं मोडली आणि आता वकीलपत्र घेऊन बसले आहे.

लग्न झालं तेव्हा आपल्याकडे स्कूटर होती. पंपावर जायचं, पेट्रोलमध्ये थोडं ऑइल ओतून घ्यायचं, मागे निळा धूर सोडत निघायचं. त्यात निवड करण्यासारखं काही नव्हतं. पंपावरचा माणूस पिंपातून मापाने काढून देईल ते ऑइल. मग तुमच्या भोसरीच्या कंपनीचे दिवस जरा बरे आले आणि आपण मोटारसायकल घेतली, चार स्ट्रोकची. तिचं ऑइल इंजिनाच्या पोटात असतं, काळं झालं की सगळं काढून नवं भरावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि नेमक्या त्याच काळात दुकानांमधून डबे आले. पिवळे, लाल, सोनेरी, परदेशी नावांचे. टीव्हीवर चॅनल वाढली, पेठेत शीतपेयांच्या बाटल्या वाढल्या, तसेच हेही. माझी आई लक्ष्मी रोडवर साडी घ्यायला जितका वेळ लावायची नाही तितका वेळ तुम्ही ऑइलच्या कपाटासमोर उभे राहायचात. डबा उचलायचा, मागचं बारीक अक्षरातलं वाचायचं, ठेवायचा, पुन्हा पहिला उचलायचा. मी बाहेर पदराने वारा घेत उभी.

"हे बघ, इथे दोन आकडे असतात," तुम्ही मला समजावलं होतंत. "पहिला गाडी थंड असतानाचा, दुसरा तापल्यावरचा. पहिला कमी असला तर सकाळी ऑइल पटकन सगळीकडे पोचते. दुसरा मोठा असला तर तापल्यावर पाण्यासारखं पातळ नाही होत."

"मग आपण कोणतं घ्यायचं?"

"आपल्याला वीस-चाळीस बरं. तुझ्या माहेरचे लोक वीस-पन्नास आहेत. कितीही तापवा, पातळ नाहीच होत."

वर्ध्याहून आलेला माणूस दुकानात उभा राहून माझ्या माहेरावर हे बोलला आणि दुकानदार, जो माझ्या माहेराइतकाच पुणेरी, तो मान खाली घालून हसला. मला राग यायला हवा होता. पण तुम्ही बाबांना इतकं अचूक ओळखलं होतंत की मलाही हसू आलं. त्या दिवसापासून तुम्ही माझ्या घरच्यांना घाबरत नाही हे मला कळलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, तोपर्यंत मला खात्री नव्हती.

मी त्याला तेल म्हणायचे. तुम्ही दर वेळी दुरुस्त करायचात. "तेल फोडणीत जाते. इंजिनात ऑइल." आजही मी मनात तेलच म्हणते.

आपला खरा वाद आकड्यांवर नव्हताच. तो होता किती दिवसांनी बदलायचं यावर. तुमचं ठरलेलं, दोन हजार किलोमीटर झाले की बदलायचं. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात त्याहून जास्त लिहिलेलं असायचं, आणि नवीन गाड्या, नवीन ऑइलं येत गेली तशी पुस्तकातली संख्या वाढत गेली, तुमची मात्र जागची हलली नाही. मी पुस्तक उघडून तुमच्या नाकासमोर धरायचे.

"कंपनीने लिहिलंय. छापलंय. शिकलेली माणसं आहेत ती."

"त्या पुस्तक लिहिणाऱ्याने स्वारगेटचा सिग्नल पाहिला आहे काय?" तुम्ही म्हणायचात. "गाडी जागच्या जागी उभी, इंजिन चालूच आहे, किलोमीटर एकही पडत नाही. ते कुठे मोजलं त्याने?"

याला उत्तर नव्हतं. म्हणजे असेलही, पण मला सापडलं नाही, आणि उत्तर सापडलं नाही म्हणजे मी हरले असं होत नाही हे आमच्या घरचं बाळकडू. मग मी दुसरी बाजू मांडायचे. दर दोन-तीन महिन्यांनी एक रविवार तुमच्या ऑइलला जायचा. तुम्ही सकाळी एक चक्कर मारून इंजिन गरम करून आणायचात, कारण गरम ऑइल घाण घेऊन बाहेर येतं. मग पार्किंगमध्ये वर्तमानपत्र अंथरायचं, माझं एक जुनं तसराळं खाली ठेवायचं (ते तसराळं तुम्ही मला विचारून घेतलं नव्हतंत), पान्याने नट सोडायचा आणि ती काळी धार थेंब थेंब होईपर्यंत राखण करत बसायचं. गाडी थोडी वाकवायची, आणखी थेंब काढायचे. मी म्हणायचे, शेवटचा थेंब राहिला तर काय आभाळ कोसळतं? तुम्ही म्हणायचात, "घर पुसताना कोपरे सोडते काय तू?" आणि दुपारी तुमच्या हाताला वास यायचा तो साबणाने जायचा नाही. बेसन लावून हात धुवायचात. माझं बेसन.

शेवटी डबा. रिकामा डबा मी मागायचे. छान जाड प्लास्टिक, झाकण घट्ट, मागच्या गॅलरीत फिनेल भरून ठेवायला उत्तम. तुम्ही स्क्रू ड्रायव्हरने त्याला आरपार भोकं पाडायचात आणि मगच टाकायचात. "चांगला डबा बाहेर गेला की त्यात कोणी भंगार ऑइल भरून विकते. माझ्या डब्यातलं खोटं ऑइल दुसऱ्याच्या इंजिनात नाही गेलं पाहिजे." मी म्हणायचे, अहो, मी बाहेर देणारच नाहीये, मी घरात ठेवणार आहे. तर म्हणे, "तू ठेवशील. तुझ्यानंतर?" माणूस स्वतःच्या नाही, माझ्या मरणाची काळजी करत होता, तीही एका डब्यासाठी! हे मी माहेरी जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं. सगळे पोट धरून हसले होते.

दिवे घाटाचं मात्र मी माहेरी सांगितलं नाही. आता सांगते, कारण आता तुम्ही मध्येच "क्लच प्लेटच संपली होती" म्हणू शकत नाही.

श्रीकांतने नवी मोटार घेतली तेव्हाची गोष्ट. मोटारीत भरून उरलेलं भारी परदेशी ऑइल त्याने तुम्हाला दिलं. सोनेरी डबा. तुम्ही दोन दिवस तो डबा टेबलावर ठेवून बघत होतात. तुम्ही इतरांना सल्ले देणारे; मोटारसायकलीचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, मोटारीचा तसा नसतो, हे तुम्हाला माहीत होतं. मला तुम्हीच नंतर सांगितलंत. पण एवढं महागाचं, एवढ्या लांबून आलेलं ऑइल वाईट कसं असेल, असं वाटलं तुम्हाला. तेव्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं. बाहेरून आलं ना, मग चांगलंच. तुम्ही ते भरलंत आणि आपण सासवडला माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला निघालो. सपाटीवर सगळं ठीक. घाट लागला आणि इंजिन नुसतं ओरडायला लागलं. आवाज विमानाचा, वेग बैलगाडीचा. ऑइल इतकं बुळबुळीत की क्लच पकडच घेईना. मागून एसटी आली, तिच्यातली माणसं खिडकीतून बघत पुढे गेली.

"शुभा, तू उतर जरा."

"का?"

"वजन कमी होईल."

पैठणी नेसून, केसांत गजरा माळून मी दिवे घाटाची दोन वळणं चालत चढले. तुम्ही पुढे गाडी ढकलत. लग्नात मी तुमच्याशी बोलले नाही. मावशीने विचारलं, "भांडलात का गं?" मी म्हटलं, "नाही, पाय दुखतायत." परतीच्या रस्त्याला उतार होता म्हणून गाडी आली. दुसऱ्या दिवशी रविवार नसताना तुम्ही ते ऑइल काढलंत आणि आपलं वीस-चाळीस भरलंत. त्यानंतरही महिनाभर क्लच कुरकुरत होता, तोच धागा पकडून तुम्ही आयुष्यभर म्हणत राहिलात की दोष प्लेटचा होता. मी म्हणत राहिले ऑइलचा. या वादाचा निकाल लागला नाही. लागला असता तर मला करमलं नसतं.

तुम्हाला भारी ऑइलचा जो राग बसला तो मात्र तेव्हापासून. पुढे सिंथेटिक आलं, दुचाकीसाठीच बनवलेलं, क्लचला चालणारं, सहा हजार किलोमीटर टिकणारं. आपल्या सोसायटीत हिंजवडीला, खराडीला जाणारी मंडळी राहायला आली, ती तेच वापरायची. पार्किंगमध्ये तुमच्याशी वाद घालायची. "काका, एकदा टाकलं की विसरून जायचं, सो रिलॅक्स्ड!" तुम्ही त्याला आयटीवाल्यांचं ऑइल म्हणायचात. "विसरून जायचं आहे तर गाडी कायला घेता?" त्यांना राग यायचा नाही, त्यांना तुम्ही गमतीदार वाटायचात. मला तुमचा राग यायचा, कारण मला ते ऑइल हवं होतं. वर्षातून दोनदा. बाकीचे रविवार माझे. आपण कुठे गेलो असतो अशातला भाग नाही. निदान पार्किंगमधून "शुभा, फडकं!" अशी हाक तरी आली नसती.

तुमचा हट्ट कुठून येतो हे मला उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आलं तरी मी वाद सोडला नाही. तुमच्या कंपनीत ड्रॉइंग बोर्ड उचलले ते वर्ष आठवतं का? नकाशे हाताने काढायचे दिवस संपले, टेबलांवर कॉम्प्युटर आले. चाळिशीला आलेले तुम्ही क्लासला जाऊन शिकलात, आपल्याहून निम्म्या वयाच्या मुलांच्या शेजारी बसून. शिकलात, टिकलात. पण घरी आल्यावर स्वतःचे हात उलटेपालटे करून बघायचात. "दिवसभर काही केलंच नाही असं वाटून राहिलं," एकदा म्हणालात. त्या महिन्यात दोन हजारही झाले नव्हते तरी तुम्ही ऑइल बदललंत. मी पुस्तक काढलं नाही. तेवढं एकदाच.

मग हे आजारपण. गणपती झाले, आणि पोटात दुखतंय म्हणून गेलो ते डॉक्टरांनी दार लावून घेतलं तेव्हाच मला समजलं. त्यापुढचे महिने मी सांगणार नाही. तुम्ही होतात तिथे. इंजेक्शनं, रांगा, उलटीचं भांडं, रात्रीची जागरणं, आणि त्यात शाळेतल्या माझ्या वह्या तपासायच्या. गाडी केतकीकडे गेली. ती रोज बिबवेवाडीहून खराडीला तिच्यावरून जायला लागली आणि तुम्ही पलंगावर पडून किलोमीटर विचारायला लागलात. मुलगी दमून घरी यायची, हेल्मेट काढायच्या आत आतून आवाज, "किती झाले?"

नवरात्रात दोन हजार झाले. मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये देऊ, अर्ध्या तासात करून देतात. केतकी म्हणाली, बाबा, मी करते, तुम्हीच शिकवलंय मला. तुम्ही म्हणालात, "नाही. शुभा करेल."

मला वाटलं औषधांनी डोकं फिरलं. पंचवीस वर्षं मी त्या पान्याला हात लावला नव्हता. तुम्हाला खिडकीशी खुर्चीत बसवलं, अंगावर शाल, आणि मी खाली पार्किंगमध्ये पाटावर. तळमजल्याच्या घराचा तेवढा एक फायदा. शेजारच्या जोशीवहिनी कचरा टाकायला आल्या त्या कचरा हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

"उलटं नको फिरवू. तिकडे. तिकडे सैल होते."

"मला कळतंय."

"काही कळून नाही राहिलं तुला. तो नट तसराळ्यात पडेल, हात खाली धर. अवं, भाजेल, सांभाळ!"

नट पडलाच. गरम काळ्या तेलात हात घालून मी तो काढला. तुम्ही खिडकीत हसत होतात. कितीतरी दिवसांनी तुम्ही हसलात, आणि मी मात्र खरंच चिडले होते. कंबर मोडली होती, रात्रभर झोप नव्हती, डोळ्यांसमोर अंधारी येत होती, आणि हा माणूस खिडकीतून हुकूम सोडतोय. "काढण्याचा नट आवळताना जोर नाही लावायचा, मऊ अॅल्युमिनियम आहे, आटे जातील." "किती आवळू मग?" "लोणच्याच्या बरणीचं झाकण लावते तितकं." हे मात्र मला लगेच समजलं. नवं ऑइल भरलं, मधासारखं. कांडीने पातळी बघितली. डब्याला भोकंही पाडली. हात धुवायला आत आले तर तुम्ही बेसनाचा डबा काढून ठेवला होतात. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेला होतात त्यासाठी. मला तेव्हा वाटलं, तुम्ही बरे व्हाल.

संक्रांतीच्या आधी पुन्हा दोन हजार होत आले. आता तुम्हाला खुर्चीत बसवत नव्हतं. केतकीने आकडा सांगितला, तुम्ही डोळे मिटून ऐकलात, आणि मला म्हणालात, "या टायमाला ते लांबवालं आण."

"कोणतं?"

"आयटीवाल्यांचं. सहा हजारवालं."

मी हातातलं सोडून पलंगावर येऊन बसले. "पुन्हा म्हणा."

"म्हटलं न. सिंथेटिक आण. दुचाकीचं पाहून आण, नाही तर पुन्हा घाट चढशील."

"हरलात!" मी म्हणाले. अहो, मी टाळी वाजवली. "एवढ्या वर्षांनी हरलात."

"हो बाप्पा, हरलो," तुम्ही म्हणालात.

मी त्याच पावली श्रीकांतला फोन केला. त्यालाही आनंद झाला, त्या घरात कुणी हरलं की सगळ्यांनाच होतो. मी दुकानात गेले तेव्हा पावलं हलकी पडत होती. दुकानदाराने विचारलं, "दुचाकीचंच ना? बघून सांगा, नंतर परत घेत नाही." मी म्हटलं, "पंचवीस वर्षांनी घेतेय, परत कशाला देईन?" त्याने डबा पिशवीत घातला. मला वाटत होतं, ज्याला सहा हजारांचं ऑइल हवं आहे तो पुढचे सहा हजार बघणार आहे. लांबचा विचार करतोय म्हणजे आतून उभारी धरली आहे. मी ते ऑइल एकटीने बदललं. खिडकीतून हुकूम आले नाहीत, खिडकी लावलेली होती. नट पडला नाही. आत येऊन सांगितलं, झालं. तुम्ही माझे काळे हात हातात घेतलेत, शालीला डाग पडतील म्हणून मी ओढत होते, तुम्ही सोडले नाहीत.

"तू दमली आहेस शुभा," तुम्ही म्हणालात.

"मी? छे. मी कुठली दमतेय."

काय बोलायला हवं होतं मी? आजारी माणसाच्या पलंगाशी बसून कुणी हो म्हणतं का?

माघात तुम्ही गेलात.

काल संध्याकाळी केतकी ऑफिसमधून आली. पहिलाच दिवस होता तिचा सुट्टीनंतरचा. गाडी लावली, आत आली, आणि दारातच थांबली. कुणी काही विचारलं नाही म्हणून. शेवटी मीच विचारलं, "किती झाले गं?" तिने सांगितलं. मग मी म्हटलं, "दोन हजार झाले की बदलू या का? बाबांच्या हिशोबाने?"

"नाही आई. दसऱ्यापर्यंत बघायचंही नाही."

"दसरा कुठून आला?"

"बाबांनी काढलं होतं ना. मला विचारलं, रोजचे तुझे किती होतात, सुट्ट्या सोडून सांग. मग म्हणाले, सिंथेटिक टाकलं तर दसऱ्यापर्यंत जाईल. तोवर आईला खाली बसायला लागायला नको. मी म्हटलं, पण तुम्ही तर त्या ऑइलच्या विरुद्ध आहात. तर म्हणाले, अजूनही आहे." ती हेल्मेटचा पट्टा चाळवत होती. "तुला वाटेल ते हरले, म्हणाले. वाटू दे. खूश होईल."

ती आत गेली. मी तिथेच दाराशी बसले, पाय धुवायच्या दगडावर.

म्हणजे तुम्ही हरला नव्हतात. तुमचं मत तसूभरही बदललं नव्हतं. मी लांबचा रस्ता बघितला त्या डब्यात, आणि तुम्ही त्यात बघितलं होतंत की तो रस्ता सुरू होईल तेव्हा आपण नसू. इतकं स्वच्छ तुम्हाला दिसत होतं आणि ते तुम्ही मुलीला सांगितलंत, मला नाही. मला टाळ्या वाजवू दिल्यात. मला राग आलाय तुमचा. हे लिहितानाही आहे. पंचवीस वर्षं माझ्याशी अडून बसलेल्या माणसाने शेवटी खोटं खोटं हरायचं, हे कुठल्या वादाच्या नियमात बसतं? खरं हरला असतात तर मी माफ केलं असतं. हे कसं करू?

आणि राग धरून ठेवायला जावं तर तेही जमत नाही. मी एवढी दमले आहे हे मला स्वतःला कबूल नव्हतं. डॉक्टर, शाळा, केतकी, श्रीकांत, सगळ्यांसमोर मी ताठ उभी होते. पाठ टेकली तर उठता येणार नाही असं वाटायचं म्हणून टेकत नव्हते. पलंगाला खिळलेल्या माणसाने ते पाहिलं. त्याच्याकडे द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून ज्या एका गोष्टीवर आयुष्यभर अडला तीच त्याने सोडली, आणि मला दसऱ्यापर्यंतची रजा काढून दिली.

आज दुपारी जोशीवहिनी वरणफळं घेऊन आल्या होत्या. केतकीने त्यांना दारातूनच सांगितलं की आई झोपली आहे. खरंच झोपले होते. भांडी घासायची होती, शाळेचा अर्ज द्यायचा होता, तुमच्या औषधांचा खोका अजून कपाटावर आहे. सगळं तसंच ठेवून मी पलंगावर तुम्ही झोपायचात त्या बाजूला आडवी झाले आणि मला इतकी गाढ झोप लागली की उठले तेव्हा दिवस कुठला ते समजेना. गणपतींपासून अशी झोप मला लागली नव्हती.

वाद आपला उघडाच राहिला. दोन हजार की सहा हजार, देव जाणे. त्या दिवशी माझे काळे हात धरून तुम्ही म्हणालात, त्याचं उत्तर तेवढं द्यायचं राहिलं होतं.

हो. दमले मी.